क्रोन्सचा भगंदर: आधी औषध की आधी ऑपरेशन?

मी शाळेत दिवसभर उभी राहून शिकवायचे. बाईंना खुर्चीचा मोह नाही, असं मुख्याध्यापक कौतुकाने सांगायचे. खरं कारण एवढंच होतं की मला बसताच येत नव्हतं. बसायच्या जागेशी फोड यायचा, फुटायचा, पू जायचा, पंधरा दिवस बरे जायचे, की पुन्हा तेच. घरात सगळ्यांनी त्याला मूळव्याध ठरवून टाकलं होतं. आपल्याकडे त्या भागात काहीही झालं की ती मूळव्याधच असते.

पुढे भगंदर म्हणून ऑपरेशन झालं. सात महिने जखम भरली नाही. आठव्या महिन्यात एका पोटाच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "ताई, दिवसातून किती वेळा जावं लागतं? रात्री उठावं लागतं का? वजन किती उतरलंय?" तिथून क्रोन्स सापडला, म्हणजे आतड्याला वारंवार सूज आणि व्रण आणणारा जुनाट आजार. मग सुरू झाली ओढाताण. सर्जन म्हणाले पुन्हा ऑपरेशन, पोटाचे डॉक्टर म्हणाले इंजेक्शनं, नणंद म्हणाली क्षारसूत्र. दीड वर्ष मी "औषध की ऑपरेशन" हाच प्रश्न सगळ्यांना विचारत फिरले. प्रश्नच चुकत होता, हे उशिरा कळलं. क्रोन्सच्या भगंदरात बहुतेकांना दोन्ही लागतं. ठरवायचं असतं ते कशानंतर काय, आणि किती दिवसांनी.

मी डॉक्टर नाही. पुढच्या पायऱ्यांपैकी बहुतेकींवर मी स्वतः घसरलेली आहे, एवढाच माझा अधिकार.

१. भगंदर कुठल्या जातीचा, ते आधी ठरवा

साधा भगंदर असा होतो: गुदद्वाराच्या आत बारीक ग्रंथी असतात, त्यातली एखादी तुंबते, पू साठतो, तो कातडीकडे वाट काढतो आणि ती वाट नळीसारखी कायम राहते. नळी उघडून साफ केली की बहुधा काम होतं. क्रोन्समध्ये आतड्याची भिंतच सुजलेली, व्रण पडलेली असते. नळीची सुरुवात तिथे असते. सूज तशीच ठेवून नळी कापली तर जखम भरत नाही, आणि शेजारी दुसरी नळी तयार होते. क्रोन्सच्या साधारण चार-पाच पेशंटांपैकी एकाला कधी ना कधी असा भगंदर होतो. काहींना पोटाचा त्रास सुरू व्हायच्या आधीच.

खालीलपैकी काही असेल तर सर्जनकडे जातानाच सांगा, विचारायची वाट पाहू नका:

- बाहेर एकापेक्षा जास्त तोंडं, किंवा ऑपरेशननंतर पुन्हा झालेला भगंदर
- महिनोन्‌महिने जुलाब, रात्री झोपेतून उठून जावं लागणं
- उतरलेलं वजन, कमी हिमोग्लोबिन, तोंडात सतत छाले
- गुदद्वाराशी मऊ, सुजट कोंब, किंवा फारशी न दुखणारी मोठी चीर

आपल्या देशात आणखी एक भानगड आहे, ती म्हणजे टीबी. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दुर्बिणीतून इतके सारखे दिसतात की अनुभवी डॉक्टरही थबकतात. टीबीनेही भगंदर होतो. आणि क्रोन्सची जी सर्वांत ताकदीची औषधं आहेत, ती लपलेला टीबी भडकवतात. त्यामुळे या टप्प्यावर घाई महागात पडते.

सापळा इथे आहे: ऑपरेशनमध्ये निघालेला तुकडा तपासायला गेला का? माझ्या पहिल्या ऑपरेशनचा तुकडा कुठेच गेला नाही, केराच्या बादलीत गेला असावा. आधीच विचारून ठेवा की तुकडा बायोप्सीला जाणार का, आणि टीबीच्या जीनएक्स्पर्ट (जंतूच्या जनुकांची झटपट तपासणी) व कल्चर (जंतू वाढवून बघणं) यांसाठी वेगळा भाग काढणार का. कल्चरचा तुकडा सलाइनमध्ये ठेवावा लागतो. फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला की जंतू मरतात आणि कल्चर वाया जातं. बाटल्या प्रयोगशाळेत पोचवायला बहुतेक वेळा आपलाच माणूस पळतो, म्हणून हे त्याच्याही कानावर घाला.

निदान अडलं तर काही डॉक्टर आधी टीबीची औषधं सुरू करून पाहतात. तसं झालं तर दोन महिन्यांच्या आसपास पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरले का, ते बघायला सांगा. "बरं वाटतंय" यावर जाऊ नका. टीबीच्या गोळ्यांवर क्रोन्सच्या पेशंटलाही सुरुवातीला बरं वाटू शकतं.

२. पू साठला असेल तर निवड नसतेच

ठणका, ताप, बसता-झोपता न येणं, त्या जागी गरम आणि कडक सूज. हे गळू आहे. त्याच दिवशी सर्जनकडे जायचं. नुसत्या अँटिबायोटिकवर ते दबतं आणि आत पसरतं. पू तसाच ठेवून प्रतिकारशक्ती दाबणारं इंजेक्शन घेणं तर धोक्याचंच, संसर्ग रक्तात जाऊ शकतो.

म्हणजे औषधाचीच बाजू घेणाऱ्यांनाही पहिली पायरी बहुधा छोट्या ऑपरेशनचीच असते. भूल देऊन नीट तपासणं, पू काढणं, दोरा घालणं. भूल देऊन केलेली तपासणी हे ऑपरेशन वाटतं, पण ती निम्मी तपासणीच असते. जागेपणी त्या भागाला कोणी नीट हात लावू देत नाही, आणि आतलं तोंड सापडलं नाही तर पुढचं सगळं अंदाजाने चालतं.

३. एमआरआय काढा, आणि रिपोर्ट वाचायला शिका

भगंदरासाठी पेल्विसचा, म्हणजे कमरेखालच्या भागाचा एमआरआय लागतो. चिठ्ठीवर "भगंदरासाठी" असं स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर सेंटरवाले पोटाचा काढून मोकळे होतात. नळीच्या बाहेरच्या तोंडातून औषध सोडून काढलेला जुन्या पद्धतीचा एक्स-रे कोणी सुचवला तर त्यावर पैसे घालू नका, त्यात स्नायू दिसत नाहीत. फिल्मसोबत सीडी मागून घ्या. सर्जन सीडीच बघतात.

रिपोर्टमध्ये घड्याळ असतं. पेशंट पाठीवर झोपून पाय वर घेतलेत अशी कल्पना करा: १२ म्हणजे पुढची बाजू, ६ म्हणजे माकडहाडाची, ३ म्हणजे तुमची डावी, ९ म्हणजे उजवी. माझ्या रिपोर्टवर आतलं तोंड ६ वाजता, बाहेरची ५ आणि ७ वाजता, आणि मधून घोड्याच्या नालेसारखा फाटा असं होतं. मी तो कागद चार दिवस पर्समध्ये घेऊन हिंडले, एक अक्षर कळत नव्हतं. शेवटी सर्जनबाईंनी केसपेपर उलटा केला आणि त्यावर दोन वर्तुळं काढली, एकात एक. म्हणाल्या, "या दोन बांगड्या समजा. आतली आपोआप चालते, बाहेरची तुमच्या ताब्यात. शौच धरून ठेवायचं काम या दोघींचं. आता तुमची नळी बघा, दोन्ही बांगड्या भेदून गेलीय. ती सरळ उघडायची म्हणजे बांगड्या कापायच्या." तो कागद अजून माझ्या फाइलमध्ये आहे.

सर्जन ज्या शब्दांत बोलतात ती विभागणी १९७६ साली पार्क्स या ब्रिटिश सर्जनने केली. नळी दोन बांगड्यांच्या फटीतून खाली आली तर इंटरस्फिंक्टरिक, दोन्ही भेदून गेली तर ट्रान्सस्फिंक्टरिक, वरून वळसा घालून आली तर सुप्रास्फिंक्टरिक, आणि बांगड्यांशी संबंध न ठेवता पार वरून, बाहेरच्या बाहेर आली तर एक्स्ट्रास्फिंक्टरिक. जितकी वर, तितकं कापणं अवघड. रिपोर्टमध्ये एवढं शोधा: आतली तोंडं किती, नळीला फाटे आहेत का, पू साठलाय का, आणि गुदाशयाच्या, म्हणजे गुदद्वाराच्या लगेच वरच्या आतड्याच्या भिंतीला सूज आहे का.

शेवटचा मुद्दा पेन्सिलने अधोरेखित करा. गुदाशयाला सूज असेल तर नळी बंद करायचं ऑपरेशन सहसा कोणी जाणता सर्जन हाती घेत नाही. सूज नसेल तर दार उघडं आहे. याची खात्री कोलोनोस्कोपीने, म्हणजे मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून होते, म्हणून एमआरआय आणि कोलोनोस्कोपीमध्ये वर्षाचं अंतर पडू देऊ नका. जुनी कोलोनोस्कोपी आणि नवा एमआरआय यांची जोड लावून घेतलेला निर्णय माझ्या बाबतीत एकदा फसलाय.

४. सैल दोऱ्याशी जमवून घ्या

सेटन म्हणजे नळीतून ओवून बाहेर गाठ मारलेला दोरा. हल्ली बहुधा मऊ सिलिकॉनचा असतो. माझा निळा होता. कानात डूल असावं तसा तो लोंबतो. काम एकच: वाट उघडी ठेवायची, म्हणजे पू साठणार नाही. तो नळी बरी करत नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तीन महिने मी रोज आरशात बघून "अजून पाणी येतंय" म्हणून रडायचे. दोरा आहे तोवर पाणी येणारच.

सोबतच्या सूचना, ज्या डिस्चार्ज कार्डवर नसतात: मासिक पाळीचं पातळ पॅड पुरतं, पुरुषांनीही लाजू नये. कोमट पाण्याच्या टबात दिवसातून दोनदा दहा मिनिटं बसायचं, पाण्यात काही टाकायची गरज नाही. गाठ टोचत असेल तर अंघोळीच्या वेळी दोरा हलकेच फिरवून गाठ बाजूला करायची. टॉयलेट पेपरपेक्षा पाणी बरं, आणि ते आपल्याकडे असतंच. दोरा निसटला तर घाबरू नका, पण दोन दिवसांत फोन करा.

आता क्षारसूत्राबद्दल, कारण घरात कोणीतरी सुचवणारच. आघाड्याचा क्षार, स्नुहीचा चीक आणि हळद यांचे थर दिलेला तो दोरा ठरावीक दिवसांनी बदलतात आणि तो नळी हळूहळू कापत-भरत आणतो. साध्या भगंदरात ही पद्धत पोकळ नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तिची शस्त्रक्रियेशी तुलना केली, ती १९९१ साली प्रसिद्ध झाली. भरायला वेळ जास्त लागला, पण भगंदर पुन्हा होण्याचं प्रमाण क्षारसूत्रात कमी निघालं. ही तुलना साध्या भगंदराची. क्रोन्समध्ये कापत जाणारा कुठलाही दोरा, क्षाराचा असो वा आवळत नेणारा साधा, टाळतात. कारण इथे नळ्या पुन्हा होऊ शकतात, आणि प्रत्येक वेळी थोडी बांगडी कापली गेली तर चाळिशीत शौचावरचा ताबा जातो. नणंदेला मी बांगड्यांचा तोच कागद दाखवला. तिला तो लगेच पटला, मला पटायला महिना लागला होता.

उलट टोकाची चूकही करू नका. नुसता दोरा घालून वर्षानुवर्षं बसणं हा उपचार नाही. नेदरलँड्समधल्या पिसा नावाच्या चाचणीत दीर्घकाळ फक्त दोऱ्यावर ठेवलेल्यांना पुन्हा ऑपरेशनची वेळ जास्त आली. दोरा कधी काढायचा याची तारीख नसते. औषध लागू पडून पू आटला, एमआरआयमध्ये गळू उरलं नाही, की विषय काढायचा. लवकर काढला तर गळू, काढलाच नाही तर नळी बंद कशी होणार?

५. औषधांकडून किती अपेक्षा ठेवायची

मेट्रोनिडाझोल आणि सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिक गोळ्या पहिल्या आठवड्यात चमत्कार दाखवतात. पाणी कमी होतं, ठणका जातो. बंद केल्या की परत. पूरक म्हणून ठीक. मेट्रोनिडाझोल लांबलं आणि पायाला मुंग्या येऊ लागल्या तर लगेच सांगा.

स्टेरॉइड पोटाच्या क्रोन्सला वापरतात, भगंदराला त्यांचा उपयोग नाही, उलट गळवाची भीती वाढते. जुन्या चिठ्ठीवरून दुकानातून आणून घेणारे मी पाहिलेत.

अझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी. ते हळू काम करतं, दोन-तीन महिने धरा, आणि भगंदरात ते बहुधा जोडीला असतं. सुरू करण्याआधी एनयूडीटी१५ या जनुकाची तपासणी होते का, विचारा. भारतीयांमध्ये या जनुकातला बदल बऱ्यापैकी आढळतो, आणि तो असलेल्यांच्या पांढऱ्या पेशी या गोळीने धाडकन खाली येतात. तपासणी झाली तरी सुरुवातीला सीबीसी वारंवार करावीच लागते.

मुख्य औषध म्हणजे टीएनएफ (शरीरातलं सूज वाढवणारं प्रथिन) रोखणारी इंजेक्शनं, त्यात भगंदरासाठी सर्वांत जास्त अभ्यासलेलं इन्फ्लिक्सिमॅब. वजनाच्या दर किलोला ५ मिलिग्रॅम, पहिल्या दिवशी, दोन आठवड्यांनी, सहा आठवड्यांनी, मग दर आठ आठवड्यांनी शिरेतून. १९९९ साली ९४ पेशंटांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. या डोसवर ५५ टक्के लोकांच्या सगळ्या नळ्या वाहायच्या थांबल्या, खोट्या औषधावर (तुलनेसाठी दिलेलं, आत औषधच नसलेलं) १३ टक्क्यांच्या. २००४ च्या मोठ्या चाचणीत, सुरुवातीला गुण आलेल्यांपैकी ५४ आठवड्यांनंतर ३६ टक्क्यांच्या बंद होत्या, खोट्या औषधावर १९ टक्क्यांच्या. औषध चांगलं आहे, पण सगळ्यांना तारत नाही, असा याचा अर्थ मी घेतला.

त्यातही "बंद" म्हणजे काय, हे बघा. त्या चाचण्यांत हलकं दाबल्यावर पाणी येत नाही, म्हणजे बंद. बाहेरचं तोंड मिटतं, आत बोगदा तसाच राहू शकतो. माझी नळी पाचव्या डोसनंतर "बंद" झाली. मी पेढे वाटले. एमआरआयने सांगितलं की नळी तिथेच आहे, फक्त कोरडी आहे. तेव्हा औषध थांबवलं असतं तर पुन्हा पहिल्या पानावर आले असते.

अडालिमुमॅब घरी पोटावर टोचता येतं, सुरुवातीला मोठे डोस आणि मग साधारणपणे दर दोन आठवड्यांनी ४० मिलिग्रॅम. फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, गोठवायचं नाही. बर्फाच्या कप्प्याशेजारी ठेवलेली पेटी वाया गेल्याचं एकीने सांगितलं. लाइट जाणाऱ्या गावात असाल तर आधी विचार करा. या दोन्ही औषधांची भारतात बनलेली बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतीजुळती औषधं मिळतात, आणि अडालिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर डिसेंबर २०१४ मध्ये भारतातच बाजारात आलं. नावं ऐकून "डुप्लिकेट" समजू नका.

ड्रिपच्या दिवसाबद्दल एक: माझं वजन ५२ किलो, म्हणजे डोस २६० मिलिग्रॅम. बाटली १०० ची. तिसऱ्या बाटलीतलं ४० मिलिग्रॅम उरतं आणि पैसे तीन बाटल्यांचे जातात. पूर्ण बाटली द्यायची का, हे डॉक्टरांना विचारा. ते विचारल्यावरच बोलतात.

पहिल्या इंजेक्शनआधी व्हायला हव्यात अशा गोष्टी:

- छातीचा एक्स-रे, आणि टीबीसाठी मांटू (कातडीत टोचून) किंवा आयजीआरए (रक्ताची) चाचणी
- हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही
- सीबीसी, लिव्हर, क्रिएटिनिन
- लसी: हिपॅटायटिस बी, न्यूमोनिया, फ्लू. जिवंत जंतूंच्या लसी औषध सुरू झाल्यावर चालत नाहीत, त्या लागणार असतील तर आधीच

लपलेला टीबी निघाला तर त्याच्या गोळ्या आधी सुरू करून साधारण महिनाभर तरी थांबतात. आणि तपासणी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका. औषध चालू असताना संध्याकाळचा ताप, खोकला किंवा वजन घटायला लागलं तर टीबीचा विचार पुन्हा व्हायला हवा, तेही डॉक्टरांच्या आधी तुमच्या मनात.

गुण येत नसेल तर औषध बदलण्याआधी त्याची रक्तातली पातळी मोजायला सांगा. भगंदराला नेहमीपेक्षा जास्त पातळी लागते. कित्येकदा औषध हरलेलं नसतं, कमी पडत असतं.

६. नळी बंद करायचं ऑपरेशन कधी

माझ्या मते सर्वांत कमी बोललं जातं ते याबद्दल. पोटाचे डॉक्टर शेवटचा उपाय म्हणून बघतात, आणि काही सर्जन पहिलाच उपाय म्हणून. त्याची खरी जागा मधे आहे. गुदाशय शांत झालाय, आतलं तोंड एकच आहे, पू नाही, दोऱ्याने नळी सरळसोट झालीय: या चारही गोष्टी जुळल्या की विषय काढा.

दोन मुख्य प्रकार. एकात आतल्या अस्तराचा पदर सरकवून आतलं तोंड झाकतात. दुसरा लिफ्ट, थायलंडच्या सर्जननी २००७ मध्ये मांडलेला: दोन बांगड्यांच्या फटीत शिरून नळी तिथेच बांधून तोडतात. दोन्हींत बांगड्या शाबूत राहतात. नळी सरळ उघडी करणं फक्त अगदी खालच्या, वरवरच्या नळीला, तेही क्रोन्स शांत असताना.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पिसा-दोन चाचणीने माझं मन वळवलं. पेशंट ९४, सगळ्यांचं आतलं तोंड एकच. एका गटाला वर्षभर टीएनएफ रोखणारी इंजेक्शनं, दुसऱ्याला काही महिने इंजेक्शनं आणि जोडीला नळी बंद करायचं ऑपरेशन. दीड वर्षाने एमआरआयमध्ये खरोखर भरलेली नळी पहिल्या गटात ९ टक्के, दुसऱ्यात ३२ टक्के. पण हे वाचताना दोन गोष्टी विसरू नका: ऑपरेशनवाल्यांनाही इंजेक्शनं होतीच, आणि अनेक तोंडांचे, सुजलेल्या गुदाशयाचे पेशंट त्यात नव्हते. माझी परिस्थिती त्यांच्याशी जुळली, तुमची जुळेल असं नाही.

सापळे इथे फलकांवर असतात. "लेझरने तीस मिनिटांत भगंदर गायब" हा फलक एसटी स्टँडसमोर तुम्हीही पाहिला असेल. लेझर खोटं नाही, पण क्रोन्स आहे हे सांगितल्यावर तो डॉक्टर काय म्हणतो ते ऐका. "काही फरक पडत नाही" म्हणाला तर चहा पिऊन परत या. स्टेम सेलचं, म्हणजे नळीत पेशी टोचून ती भरवण्याचंही तसंच. युरोपात २०१८ मध्ये त्यावरचं एक औषध मान्य झालं, नंतरच्या मोठ्या चाचणीत ते खोट्या औषधापेक्षा सरस ठरलं नाही, आणि २०२४ च्या अखेरीस बाजारातून मागे घेतलं गेलं. त्या नावाने कोणी लाखभर मागत असेल तर हे आठवा.

पोटावर पिशवीचा विषय निघाला की घर हादरतं. आमचं हादरलं होतं. काही काळ मैला दुसऱ्या वाटेने नेला की खालची आग विझते, हे खरं. तात्पुरती म्हणून केलेली पिशवी क्रोन्समध्ये नेहमी काढता येते असं नाही, हेही खरं, आणि ते आधी विचारून घ्या. माझ्यावर ती वेळ आली नाही. ज्यांच्यावर आली त्यांतल्या एका बाईंनी मला सांगितलं, "मी चार वर्षांनी पहिल्यांदा लग्नात पंगतीला मांडी घालून बसले."

७. दोन डॉक्टर, एक कागद

सर्जन आणि पोटविकारतज्ज्ञ एकमेकांशी बोलतात असं गृहीत धरू नका. मी दोघांमधली पोस्टमन होते आणि निरोप निम्मे पोचवायचे. मग एकच वही केली. डाव्या पानावर एकाचं म्हणणं, उजव्या पानावर दुसऱ्याचं, आणि दोघांना दोन्ही पानं दाखवायची. दुसऱ्याच भेटीत सर्जनबाईंनी समोरच फोन लावला. आठ मिनिटांत जे ठरलं, ते दीड वर्षात ठरलं नव्हतं.

वहीत आधी हे लिहा: मला काय हवंय. नळी कायमची बंद? की पाणी कमी, ठणका नाही आणि बसता यावं? दुसरं उद्दिष्ट लहान नाही, आणि कित्येकांना सैल दोरा ठेवून ते मिळतं. मूल हवं असेल तर तेही लिहा. मेथोट्रेक्सेट (क्रोन्समध्ये काहींना देतात ते प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असताना गर्भ राहता कामा नये, आणि प्रसूती कशी व्हावी यावरही भगंदराचा परिणाम होतो.

मग दोघांना हेच प्रश्न: माझ्या नळीने किती स्नायू व्यापलाय? गुदाशय आज शांत आहे का? दोरा केव्हा काढायचा आणि कशावरून ठरवणार? औषधाला किती महिने द्यायचे? फसलं तर पुढची पायरी कोणती? अशी क्रोन्सची ऑपरेशनं तुम्ही वर्षाला किती करता? शेवटचा प्रश्न विचारताना माझा आवाज फुटत नव्हता. सर्जनबाई रागावल्या नाहीत, आकडा सांगितला.

सिगारेट-बिडी ओढत असाल तर या सगळ्याआधी ती सोडा, तिने क्रोन्स चिघळतो.

८. पैसे आणि कागद

आरोग्यविम्यात मूळव्याध-भगंदराला बहुधा दोन वर्षांचा थांबा असतो. आधीपासूनच्या आजारासाठीचा थांबा २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षं. विमा नियामकाच्या विम्यात धरायच्या आधुनिक उपचारांच्या २०१९ च्या यादीत इंजेक्शनने द्यायच्या मोनोक्लोनल अँटिबॉडीचा (इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब त्यातलीच) समावेश आहे. "हे औषध आहे, उपचार नाही" म्हणून क्लेम नाकारला तर ते दाखवा, पण पॉलिसीत त्याला वेगळी मर्यादा आहे का, तेही बघा. ड्रिप डे-केअर म्हणून नोंदवली जाते, ओपीडीत घेतली तर क्लेम अडतो. सरकारी योजनेत काय बसतं, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून उपचाराआधीच समजून घ्या. औषध कंपन्यांच्या मदत योजना असतात, बिलाच्या काउंटरवर नाही, डॉक्टरांच्या सहायकाला विचारा.

फाइलमध्ये, तारखेच्या क्रमाने:

- प्रत्येक ऑपरेशनचं सविस्तर टिपण, नुसतं डिस्चार्ज कार्ड नव्हे
- बायोप्सी, जीनएक्स्पर्ट, कल्चरचे रिपोर्ट
- एमआरआयच्या सीडी, कोलोनोस्कोपीचे फोटो
- टीबी आणि हिपॅटायटिसच्या तपासण्या
- प्रत्येक डोसची तारीख, मात्रा, बाटलीवरचा बॅच नंबर
- पॉलिसीची प्रत, आधार, आधीच्या मंजुरीची पत्रं

९. शनिवारी रात्रीचा कागद

गळू कधीच सोमवारी सकाळी येत नाही. एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पाकिटात ठेवा: क्रोन्स आहे, इन्फ्लिक्सिमॅब चालू, शेवटचा डोस अमुक तारखेला, दोरा आहे किंवा नाही, सर्जनचा नंबर. ताप आणि ठणका एकत्र आला की कॅज्युअल्टीत तो आधी पुढे करा. माझा दोरा निघून चौदा महिने झाले, लिफ्टची जखम भरली, ड्रिप चालू आहे, एमआरआय पुढच्या महिन्यात. कागद अजून पाकिटातच आहे, आणि नवरा दर आठ आठवड्यांनी त्यावरची तारीख खोडून नवी घालतो.